टेम्सच्या काठी, नाकाला रुमाल लावून

चला, आजच्या दिवसापुरते तुम्ही व्हिएन्ना दरबाराचे लंडनमधले वकील. जून 1858. अंगात काळा लोकरी कोट, मानेला आवळलेला गळपट्टा, वर जीव नकोसा करणारा उकाडा. हाउस ऑफ कॉमन्सच्या सज्जात परदेशी वकिलांच्या बाकावर सरकून बसा.

वास आधी येतो. खिडक्यांखालून टेम्स वाहते आणि अख्ख्या शहराची घाण तिच्यात उतरते. ओहोटी लागली की काठचा काळा रेंदा उन्हात उघडा पडतो. क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवलेले पडदे टांगलेत खरे, पण दुर्गंधी हटत नाही, उलट डोळे चुरचुरतात. तोंडानं श्वास घ्याल तर जिभेवर चव येते.

खाली बघा. सदस्य साडेसहाशेच्या वर, जागा कितीतरी कमी. हिरव्या चामड्याच्या बाकांवर खांद्याला खांदा भिडलाय. डोक्यावर टॉप हॅट. बोलायला उठलं की काढायची, बसलं की घालायची. भाषण पटलं तर "हिअर, हिअर!"चा गजर, कंटाळा आला की खोकल्याची साथच पसरते. मुरलेला वकील भाषणापेक्षा हे आवाज ऐकतो. तुमच्या डाव्या हाताला सरकारी बाक. तिथे अर्थमंत्री डिझरायली हाताची घडी घालून निश्चल बसलाय. उजवीकडे, विरोधी बाकावर, माजी पंतप्रधान पामर्स्टन, हॅट डोळ्यांवर ओढून. तो झोपलाय असं खलित्यात लिहाल तर फसाल.

सरकारी बाकावरून हिंदुस्थानचं खातं सांभाळणारा मंत्री लॉर्ड स्टॅन्ली उठतो. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपवून हिंदुस्थान इंग्लंडच्या राणीच्या हाती द्यायचं विधेयक. व्हिएन्नाच्या वकिलाला हे दूरचं. पण तुम्ही मराठी आहात, तुमचे कान टवकारले जाणारच. याच आठवड्यात ग्वाल्हेरजवळ झाशीची राणी लढता लढता पडली आहे. इथे कुणालाच पत्ता नाही. ती बातमी समुद्र ओलांडून यायला आठवडे लागतील, आणि तोवर कलमांवर खल चालूच राहील. मधूनच कुणी रुमाल नाकाला दाबून दाराकडे निघतो.

ओरडून सांगावंसं वाटतं ना? मलाही वाटतं. पण सज्जातल्या पाहुण्यानं आवाज काढला की त्याला बाहेर काढतात. गप्प बसा आणि स्टॅन्लीचं ऐका: लंडनमध्ये पंधरा जणांचं मंडळ बसेल, हिंदुस्थानचा कारभार पाहील. त्या मंडळावर पहिला हिंदुस्थानी माणूस बसायला 1907 साल उजाडावं लागणार आहे.