तांबडा बावटा : मुंबई बंदराच्या इतिहासांतील एक प्रकरण

परभणी जिल्ह्यास समुद्र नाहीं. गोदावरींतील होडी आणि गंगाखेडचा घाट एवढाच येथील लोकांचा जलप्रवासाशीं संबंध. तेव्हां बंदरांत जहाजांनीं कसें वागावें याची चर्चा या स्मरणिकेंत कशाला, असें कोणी वाचक विचारील. परंतु ज्या जिनसेवर या जिल्ह्याचा संसार चालत आला, त्या कापसाचाच या हकीकतींत मोठा भाग आहे. आणि दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटांत शिरलेली ठिणगी किती वेळ धुमसत राहते, हें सेलू-मानवतकडील जिनिंग-प्रेसवाल्यांस शिकवावयास नको.

मुंबई बंदराचा कारभार १८७३ मध्यें स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे होता, व १९०८ चा बंदर कायदा तेथें लागू होता. बंदर हा एक गजबजलेला बाजारच. तेथें एका जहाजाची चूक त्या जहाजापुरती राहत नाहीं. म्हणून कोणीं कोठें नांगर टाकावा व कोणाच्या परवानगीनें हलावें यास निर्बंध असत. दारूगोळ्याचे निर्बंध त्याहून कडक. असें जहाज गोदींत न आणतां बाहेरच उभें करावें, माल पडावांत उतरवून घ्यावा, आणि तोंपर्यंत तांबडा बावटा फडकत ठेवावा, म्हणजे शेजारी सावध राहतील. दुसऱ्या महायुद्धांत कामाची घाई व जागेची टंचाई झाली, तेव्हां स्फोटकांचीं जहाजें गोदींत घेण्याची सवलत देण्यांत आली. सवलत एकदां दिली कीं तिचा रिवाज होतो.

‘फोर्ट स्टिकीन’ हें सात हजार टनांहून मोठें जहाज १९४४ च्या फेब्रुवारींत इंग्लंडांतील बर्कनहेडहून निघालें. पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटकें, शिवाय विमानें व सोन्याच्या विटा. कराचीस त्यांत कापसाच्या हजारों गाठी भरल्या, त्याही स्फोटकांच्या खालीं! आपल्याकडील एखाद्या हमालानेंही हा शेजार मान्य केला नसता. १२ एप्रिल रोजीं जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत लागलें. तांबडा बावटा त्यावर नव्हता. शेजारचीं जहाजें निर्धास्त होतीं, आणि दोन दिवस स्फोटकांची उतराई रेंगाळली.

१४ एप्रिल रोजीं दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारांतून धूर दिसला. शहराच्या बंबखान्यास वर्दी जावयास वेळ लागला. नऊशें टनांहून अधिक पाणी आंत ओतलें. तें पाणीच उकळूं लागलें, पण दाट धुरामुळें आगीचें मूळ सांपडेना. चार वाजण्याच्या सुमारास जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला व अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. हादऱ्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. ‘जलपद्म’ नांवाचें सुमारें चार हजार टनांचें जहाज उचललें जाऊन धक्क्यावर पडलें. जळता कापूस आकाशांतून वस्तीवर पडूं लागला आणि गोदीची आग शहराची झाली. मृतांचे आंकडे ८०० पासून १,३०० पर्यंत सांगितले जातात.

शत्रूचा घातपात असावा अशी बोलवा त्या वेळीं होतीच. संकटांत मनुष्यास परका अपराधी हवा असतो. चौकशींत मात्र जे दोष निघाले ते सर्व घरचे होते : कापूस स्फोटकांखालीं ठेवणें, बावटा न लावणें, उतराईस विलंब, कोठारांत वाफ सोडून आग न कोंडणें, बंबवाल्यांस उशिरा कळविणें. यांतील एकही काम अवघड नव्हतें. बावट्यास तर एका कापडापलीकडे खर्च नव्हता. परंतु तो दिसता, तर जवळच्या प्रत्येक कप्तानास आपलें जहाज किती अंतरावर न्यावें याचा विचार दोन दिवस आधींच करावा लागला असता. माझ्या मतें सर्व चुकांत ही सर्वांत लहान दिसणारी चूकच अधिक गंभीर होय.

आग आटोक्यांत यावयास तीन दिवस लागले. नंतर आठ हजार माणसांनीं सात महिने राबून सुमारें पांच लाख टन ढिगारा उपसला, तेव्हां गोदी पुन्हा चालू झाली. बंबावर उभे राहून पाणी मारतांना अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.