रामटेकच्या डोंगरांत समुद्राचा तळ कुठून आला?

विदर्भात काळा दगड दिसला की तो लाव्हाचा असणार, असं आपण धरून चालतो. नागपूर शहरातल्या सीताबर्डीच्या टेकडीबाबत ते बरोबर आहे. तिथला खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. पण ईशान्येला ५० किलोमीटरवरच्या रामटेक परिसरातले खडक या लाव्हापेक्षा कित्येक पटींनी जुने आहेत.

रामटेक, मनसर, देवलापार या पट्ट्यातले खडक 'सौसर समूहा'त मोडतात. मध्य प्रदेशातल्या सौसर गावावरून हे नाव पडलं. इथे अभ्रकाने चमचमणारा, पापुद्रे सुटणारा शिस्ट मिळतो, कडक क्वार्टझाइट मिळतो आणि संगमरवरही. हे तिन्ही मुळात गाळ होते. चिखलाचा शिस्ट झाला, वाळूचा क्वार्टझाइट, चुन्याच्या गाळाचा संगमरवर. म्हणजे रामटेकच्या जागी कधीकाळी समुद्र होता.

त्याच समुद्रात मँगनीजही साचलं. मनसर आणि कांद्रीच्या खाणी आजही त्यावर चालतात. या खाणी चालवणाऱ्या 'मॉयल' या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे. पोलाद बनवायला मँगनीज लागतंच, त्यामुळे इंग्रजांच्या काळापासून या खडकांवर बारीक नजर होती. भूवैज्ञानिक लुईस फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ मिळून झालेल्या इथल्या खडकाला त्यांनी 'गोंडाइट' म्हटलं. गोंडवाना खंडाच्या नावामागेही गोंडच आहेत. जगभरच्या भूगर्भशास्त्रात एका समाजाचं नाव असं दोनदा यावं, हे तसं दुर्मिळच.

थर आडवे राहिलेच नाहीत

गाळ साचतो आडवा. जुना थर खाली, नवा वर. रामटेक भागात मात्र थर तिरपे आहेत, कुठे उभे, कुठे दुमडलेले. खाणीत याचा थेट फरक पडतो: मँगनीजचा एकच थर घडी पडल्यामुळे पुन्हा पुन्हा वर येतो, नाहीतर अचानक खोल जातो. घडी कळली नाही तर खोदकाम वाया.

खरं कोडं निघालं ते देवलापारजवळ. १९३०च्या दशकात डब्ल्यू. डी. वेस्ट तिथे नकाशे काढत होते. (हेच वेस्ट पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि नंतर सागर विद्यापीठात शिकवू लागले.) वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेले खडक त्यांना तिथे एकमेकांवर बसलेले दिसले. १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की वरची चादर दुसरीकडून सरकत आली आहे. फरशीवरची सतरंजी एका बाजूने रेटली तर तिला घड्या पडतात, आणि जोर वाढला की एक घडी दुसरीवर चढते. तसंच काहीसं. अशा रचनेला 'नाप' म्हणतात. युरोपातल्या आल्प्स पर्वतात ती आधीच ओळखली गेली होती.

पण एवढा रेटा दिला कुणी? याचं उत्तर द्यायला प्लेट टेक्टॉनिक्सचा सिद्धांत हवा होता, आणि तो रुजायला आणखी तीन दशकं गेली. आज असं मानतात की दक्षिणेकडचा बस्तर आणि उत्तरेकडचा बुंदेलखंड हे भारताच्या कवचाचे अतिप्राचीन तुकडे एकेकाळी वेगळे होते. ते जुळले तो सांधा मध्य भारतातून जातो आणि रामटेक त्याच पट्ट्यात येतं. म्हणजे देवलापारची घडी हा त्या टकरीचा पुरावा. तिथे पूर्वी उंच पर्वत असावेत. झीज होऊन आज त्यांची मुळंच उरली आहेत.

काळ कसा कळतो? खडक तापताना त्यात मोनाझाइटसारखे बारीक कण वाढतात. त्यातल्या युरेनियम आणि थोरियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं. हे प्रमाण मोजलं की वय निघतं. सौसरच्या खडकांत सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या मोठ्या उलथापालथीची नोंद मिळते. जगातली बरीच भूमी एकत्र येऊन 'रोडिनिया' हे महाखंड बनत होतं, तो हाच काळ. मात्र बस्तर आणि बुंदेलखंड तेव्हाच जुळले, की त्याआधी सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीच जुळून नंतर पुन्हा दाबले गेले, यावर संशोधकांत अजून वाद आहे. कोण कुणाच्या खाली गेलं, यावरही आहे.