पावसाला न चिकटणारी काच : नॉटिंगहॅम ते कोल्हापूर, व्हाया पहाडगंज

दिल्लीतील मराठी माणसाला पहाडगंज हे नाव नूतन मराठी शाळेमुळे परिचित आहे. इतर साऱ्यांना ते नवी दिल्ली रेल्वे स्थानकामुळे. जुलैच्या रात्री पाऊस कोसळू लागला की येथील टॅक्सीचालकापुढे एकच प्रश्न उभा राहतो : पुढचे दिसणार कसे? समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे ओल्या काचेवर विस्कटतात, वायपर फिरतो, क्षणभर चित्र स्पष्ट होते आणि पुन्हा पुसट होते. अनेक जुने चालक अशा वेळी काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळतात. नवे चालक छोट्या बाटलीतील द्रव लावतात. हे दोन्ही उपाय एकाच कामाचे वाटत असले, तरी त्यांमागील विज्ञान परस्परविरुद्ध आहे आणि त्याचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे.

या इतिहासाचा आरंभ 1805 मध्ये होतो. इंग्रज वैद्य व भौतिकशास्त्रज्ञ थॉमस यंग याने द्रवांच्या संसक्तीवरील निबंधात असे मांडले की, थेंब पृष्ठभागाला जेथे टेकतो तेथील कोन हा द्रव आणि घन पदार्थ यांच्या जोडीवर ठरतो. यालाच आज स्पर्शकोन म्हणतात. कोन लहान असेल तर पाणी पसरते. 90 अंशांहून मोठा असेल तर पाणी मण्यासारखे गोळा होते. स्वच्छ काचेच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात व ते पाण्याला ओढून घेतात. म्हणून अगदी स्वच्छ काचेवर पाण्याचा सलग पापुद्रा तयार होतो. रस्त्यावरची काच मात्र कधीच तशी स्वच्छ नसते. धूर, तेल आणि धूळ यांमुळे पाणी कोठे पसरते, कोठे थबकते. दृष्टीला खरा अडथळा होतो तो या ठिगळांचा. तंबाखू वा बटाटा चोळणारा चालक नकळत पाण्याला पसरवण्याचा मार्ग धरतो. बाटलीतला द्रव पाण्याला गोळा करण्याचा.

मोटारीच्या इतिहासात पहिला उपाय रसायनाचा नव्हता, हाताने चालणाऱ्या यंत्राचा होता. अमेरिकेतील मेरी अँडरसन यांनी 1903 मध्ये आतून दांडा ओढून फिरवता येणाऱ्या वायपरचे पेटंट मिळवले. पडलेले पाणी पुसून काढायचे, हीच त्यामागील कल्पना. पाणी काचेला चिकटूच नये, हा विचार प्रत्यक्षात येण्यास आणखी चार दशके जावी लागली.

त्याची गुरुकिल्ली नॉटिंगहॅमच्या प्रयोगशाळेत होती. पण ती ज्याच्या हाती होती, त्यालाच तिचे मोल वाटत नव्हते. फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून सिलिकॉन मूलद्रव्याच्या सेंद्रिय संयुगांचा चिवटपणे अभ्यास केला. त्यांच्या पात्रांत वारंवार चिकट, गोंदासारखे अवशेष उरत. शुद्ध स्फटिकांच्या शोधात असलेल्या रसायनशास्त्रज्ञाला ते नकोसे होते. 1937 मधील व्याख्यानात किपिंग यांनी या शाखेत लवकर मोठी प्रगती होईल, अशी आशा दिसत नसल्याचे सांगितले.

अवघ्या तीन वर्षांत चित्र पालटले. 1940 मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत यूजीन रोचो यांनी तांब्याच्या उत्प्रेरकासह तापलेल्या सिलिकॉनवरून मिथाइल क्लोराइड वायू नेऊन मिथाइलक्लोरोसिलेन थेट बनवण्याची रीत शोधली. त्यांचे सहकारी विनफर्ड पॅटनोड यांना या संयुगांच्या वाफेचा एक विलक्षण गुण आढळला : वाफ लागलेला कागद किंवा कापड भिजेनासे होत होते. पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलाव्याशी वाफेची अभिक्रिया होऊन अतिशय पातळ थर बसत होता. या रीतीचे पेटंट 1942 मध्ये मंजूर झाले. किपिंग ज्याला कटकट समजत होते, तेच रसायन आता वस्तूंना पाण्यापासून वाचवू लागले.

काचेवर नेमके काय घडते? थराच्या रेणूचे एक टोक काचेवरील हायड्रॉक्सिल गटांना घट्ट धरते आणि मिथाइल गट बाहेरच्या बाजूस राहतात. पाण्याला मिथाइल गटांचे आकर्षण नसते. काही नॅनोमीटर जाडीचा हा थर डोळ्यांना दिसत नाही. पण स्पर्शकोन शंभर अंशांच्या आसपास नेतो. अडचण एकच होती : क्लोरोसिलेनच्या अभिक्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल बाहेर पडते. घराच्या अंगणात सामान्य माणसाने ते कसे हाताळावे? अमेरिकेत हॉवर्ड ओल्हाउसेन यांनी सहकाऱ्यासह सिलिकॉन तेल, अल्कोहोल व थोडे खनिज आम्ल यांचे पुसून लावता येणारे मिश्रण तयार केले. त्याचे पेटंट 1971 मध्ये मिळाले आणि रेन-एक्स या नावाने ते बाजारात आले. काच धुवावी, तेलाचा अंश अल्कोहोलने काढावा, सावलीत गोलाकार हात फिरवून द्रव लावावा, धुरकट झाला की मऊ कापडाने पुसावा, ही आजही पाळली जाणारी पद्धत. पहिल्या दोन पायऱ्या टाळल्या तर रेणू काचेला नव्हे, मळाला चिकटतात आणि थर काही दिवसांतच निघून जातो.

सपाट पृष्ठभागावर रसायन कितीही बदलले तरी स्पर्शकोन सुमारे 120 अंशांपलीकडे जात नाही. त्यापुढे जायचे तर पृष्ठभाग खडबडीत हवा, हे 1936 मध्ये वेन्झेल आणि 1944 मध्ये कॅसी व बॅक्स्टर यांनी गणिताने दाखवले. निसर्गाने हे केव्हाच साधले होते. कमळाच्या पानावरील सूक्ष्म उंचवटे व मेण यांचे रहस्य जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी 1997 मध्ये सविस्तर मांडले.

या प्रवासात महाराष्ट्राचा वाटाही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील एअर ग्लास प्रयोगशाळेत ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांचे विद्यार्थी सिलिका एरोजेलवर अनेक वर्षे संशोधन करत होते. हाच अनुभव घेऊन राव, संजय लठ्ठे आणि सहकाऱ्यांनी सोल-जेल पद्धतीने, मिथाइलट्रायमिथॉक्सिसिलेन वापरून, काचेवर पारदर्शक व अतिजलविरोधी सिलिका थर तयार केले. हे काम 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. अतिजलविरोधी म्हणजे स्पर्शकोन 150 अंशांहून अधिक. अशा काचेवर थेंब टिकत नाही, घरंगळतो.

मग अशी काच प्रत्येक गाडीला का नाही? कारण गाडीच्या काचेच्या अटी परस्परांशी भांडतात. खडबडीतपणाने पाणी पळते, पण उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे झाले तर काच दुधाळ दिसते. ते त्याहून बारीक ठेवले तरी वायपरची रबरपट्टी व दिल्लीची धूळ त्यांना घासून टाकते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 नुसार पुढच्या काचेतून किमान 70 टक्के दृश्य प्रकाश आत यावा लागतो. म्हणून रस्त्यावर आजही साधा, सपाट थरच वापरला जातो.

त्यालाही मर्यादा आहे. वेगात असलेल्या गाडीवरील थेंब वाऱ्याने वर सरकून उडतात. पहाडगंजच्या गर्दीत गाडी माणसाच्या चालीने सरकते. तेथे थेंब जागीच बसून राहतो आणि प्रत्येक थेंब छोट्या भिंगासारखा समोरचे दिवे विस्कटतो. म्हणजे महामार्गावर उपकारक असलेला थर अरुंद रस्त्यावर, वायपर न लावल्यास, अपायकारक ठरू शकतो. अशा वेगाला पाणी पसरवणारी काच अधिक योग्य. टायटॅनियम डायॉक्साइडच्या थरावर अतिनील प्रकाश पडला की पाणी सपाट पसरते, हे जपानी संशोधकांनी 1997 मध्येच दाखवले. बटाटा चोळणाऱ्या चालकाची दिशा चुकीची नव्हती.

इतिहासाचे शेवटचे पान अधिक गंभीर आहे. काही जलविरोधी उत्पादनांत सिलिकॉनऐवजी फ्लोरिनयुक्त रसायने वापरली जातात. त्यांतील कार्बन-फ्लोरिन बंध निसर्गात सहजासहजी तुटत नाहीत. या कुळातील पीएफओएस 2009 मध्ये आणि पीएफओए 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. 2022 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की जगातील दुर्गम भागांतील पावसाच्या पाण्यातही ही रसायने सापडतात. ज्या पावसाला काचेवरून हटवण्यासाठी माणसाने रेणू घडवले, त्याच पावसातून तशा रेणूंचे आप्त परत खाली येत आहेत. म्हणून पुढच्या पिढीच्या संशोधकापुढील प्रश्न केवळ स्पर्शकोनाचा उरलेला नाही. जो थर पाणी हटवेल, घासूनही टिकेल आणि निघून गेल्यावर कोणाच्याही पेल्यात शिल्लक राहणार नाही, असा थर अजून घडवायचा आहे.