मिरजेचा तंबोरा

सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीत भजनाला बसतो, तेव्हा कोपऱ्यात उभा असतो तो तंबोरा आमच्या घरातून आलेला. रौप्यमहोत्सवानिमित्त त्याची थोडी हकीकत सांगतो.

मिरजेत हे काम सुरू झालं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारं थंडावली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार वाद्यं दुरुस्त करू लागले, मग नवी घडवू लागले. पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. त्यांची कबरही तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. मागणी वाढत गेली आणि घराण्यांचं आडनावच 'सतारमेकर' होऊन बसलं.

भोपळा मात्र आपल्या बाजूचा! शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. कडू, खायच्या कामाचा नाही. जून झाला की वाळवायचा, कापून भिजवायचा, आतला गर खरवडायचा, मग तुणीच्या लाकडाची दांडी बसवायची. सगळ्यात अवघड ती जवारी. घोडीचा माथा कानसेनं हळूहळू घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. हे मापात लिहून ठेवता येत नाही. मुलगा बापाजवळ बसून ऐकत ऐकत शिकतो.

नोकरीत मी काही वर्षं मिरजेला होतो. एक कारागीर कर्जासाठी आले. मी विचारलं, "तारण काय?" त्यांनी मला माळ्यावर नेलं. रांगेनं भोपळे टांगलेले. म्हणाले, "वाळतायत, साहेब. घाई केली तर तडकतात." माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. मी अर्ज नामंजूर केला. ते काही बोलले नाहीत, चहा मात्र पाजला. बदलीच्या वेळी त्यांच्याकडूनच हा तंबोरा घेतला, घासाघीस न करता. त्यानं काही फिटलं असं नाही, बरं का.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेपरात वाचलं तेव्हा तो माळा डोळ्यापुढे आला.

हल्ली आपल्या हॉलमध्ये मोबाईलवरचाच तंबोरा लावतात. सोपं पडतं, मान्य. पण कोपऱ्यातल्या त्या तंबोऱ्याची खर्जाची तार बोलत नाही, जवारी बसली आहे. गणपतीच्या आत कुणी तरुणानं तो मिरजेला न्यावा. जाण्या-येण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च माझा.