वाळवंटातला गाळ : घग्गरच्या काठची पाच हजार वर्षं

राजस्थानचं वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. पण नकाशात राज्याचं अगदी वरचं टोक पाहा. हनुमानगढ, सूरतगढ, श्रीगंगानगर. इथे पाऊस वर्षाला 300 मिलिमीटरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. आणि तरीही इथे एका पट्ट्यात चक्क भात पिकतो. तो पट्टा म्हणजे घग्गर नदीचं पात्र. तिथले लोक त्याला 'नाली' म्हणतात. आज आपण या नालीतल्या मातीचा इतिहास बघणार आहोत.

आधी माती समजून घेऊ. नदी डोंगरातून उतरते तेव्हा तिच्या पाण्यात सगळंच असतं, गोटे, वाळू, बारीक माती. वेग कमी होत जातो तसं जड ते आधी खाली बसतं आणि सर्वांत बारीक चिकणमाती सर्वांत शेवटी, संथ पाण्यात. त्यामुळे गाळाची जमीन उभी कापली, तर थरांवरून नदीचा स्वभाव वाचता येतो. घग्गरच्या पात्रात वरती तपकिरी चिकणमाती आहे आणि त्याखाली करड्या रंगाची, अभ्रकानं चमकणारी जाड वाळू. ही वाळू कुठल्या लहान नदीची नाही, ती हिमालयातून आलेल्या मोठ्या नदीची आहे. आजची घग्गर मात्र शिवालिकच्या टेकड्यांत उगम पावते आणि पावसाळ्यातच वाहते.

मग ती मोठी नदी गेली कुठे? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळूच्या कणांचं वय काढून असं मांडलं गेलं, की ही नदी म्हणजे सतलज, आणि ती सुमारे 8000 वर्षांपूर्वीच हे पात्र सोडून गेली. 2019 मध्ये अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा आणि आयआयटी मुंबई इथल्या संशोधकांनी वेगळं मत मांडलं. त्यांच्या मते नदी सुमारे 4500 वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही होती. या वादाला सरस्वतीच्या नावामुळे फार धार येते. मला मात्र वाटतं, नदीच्या नावाच्या भांडणात तिची माती बघायचीच राहून जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की मोठ्या नदीनं रुंद सपाट दरी कोरून वाळू टाकली आणि मागाहून पावसाळी पुरांनी त्यावर चिकणमातीचा थर दिला. खालची वाळू पाणी मुरवून घेते आणि वरची चिकणमाती ओल धरून ठेवते. वाळवंटात ही जोडी मिळणं म्हणजे चैनच.

ही चैन कोणाच्या लक्षात आली? कालीबंगनच्या लोकांच्या. हनुमानगढ जिल्ह्यात घग्गरच्या दक्षिण काठावर हे ठिकाण आहे. काळ्या बांगड्यांचे तुकडे तिथे जमिनीवर पडलेले दिसायचे, त्यावरून हे नाव. 1960 पासून जवळजवळ दशकभर बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन झालं. सिंधू संस्कृतीच्या भरभराटीआधीच्या वस्तीच्या तटाबाहेर, आग्नेयेला, एक शेत सापडलं. शेत म्हणजे धान्याचे दाणे नव्हेत हं, नांगराचे तास! इसवी सनपूर्व 2800 च्या सुमाराचे. नांगरलेल्या शेताचा इतका जुना पुरावा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. तास दोन दिशांनी होते. पूर्व-पश्चिम तासांमधलं अंतर सुमारे 30 सेंटिमीटर, आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या दक्षिणोत्तर तासांमधलं सुमारे 190 सेंटिमीटर. उत्खनन करणाऱ्यांनी आजूबाजूच्या शेतांकडे पाहिलं, तर तिथले शेतकरी अजूनही अशीच दुहेरी पेरणी करत होते. लांबच्या तासांत मोहरी, जवळच्या तासांत बुटकं कडधान्य. उंच मोहरीची सावली धाकट्या पिकावर कमीत कमी पडावी, हा हिशोब. आपल्याकडच्या मिश्रपिकाच्या पाट्या आठवा, तोच विचार.

हे तास टिकले कसे, यातही मातीचीच करामत आहे. भुसभुशीत वाळूत नांगराची खूण वाऱ्याच्या पहिल्या झोतात पुसली गेली असती. गाळाच्या मातीत ती उमटली, आणि नंतरच्या वस्तीचा मलबा वर पडल्यामुळे झाकून राहिली. त्याच मातीच्या उन्हात वाळवलेल्या विटांनी तट आणि घरं बांधली गेली. सुरुवातीच्या विटा 30 बाय 20 बाय 10 सेंटिमीटरच्या, म्हणजे 3:2:1 प्रमाणाच्या. मडकी आणि बांगड्याही मातीच्याच. उत्खननानंतर ते शेत जतनासाठी पुन्हा बुजवण्यात आलं.

इसवी सनपूर्व 1900 च्या सुमारास कालीबंगन ओस पडलं. माती तिथेच होती, पाणी कमी झालं होतं. यानंतरची मधली शतकं मी झरझर ओलांडतो. वस्त्या आल्या, गेल्या, पुष्कळशी जमीन गुरांच्या चराईला राहिली.

आता थेट 1899. विक्रम संवत 1956, म्हणून राजस्थानात त्याला 'छप्पनिया अकाल' म्हणतात. मुंबई इलाख्यानंही तो दुष्काळ भोगला. बिकानेरचे महाराजा गंगासिंह तेव्हा विशीच्याही आतले, पूर्ण अधिकार हाती येऊन जेमतेम वर्ष झालेलं. संस्थानाच्या उत्तरेला सुपीक गाळ आहे आणि शेजारच्या पंजाबात सतलज वाहते आहे, हे दोन्ही ठाऊक असूनही पाणी आणायला पाव शतकाहून अधिक काळ गेला. कारण पाणी दुसऱ्याच्या हद्दीतलं. अखेर 4 सप्टेंबर 1920 ला पंजाब, बहावलपूर आणि बिकानेर यांच्यात करार झाला आणि 26 ऑक्टोबर 1927 ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते गंग कालव्याचं उद्घाटन झालं. कालव्याला चुन्याच्या काँक्रीटचं अस्तर होतं, नाहीतर पाणी वाटेतच वाळूनं पिऊन टाकलं असतं. पंजाबी शेतकरी येऊन वसले. रामनगरचं श्रीगंगानगर झालं. 1956 मध्ये सूरतगढला सोव्हिएत संघानं भेट दिलेल्या यंत्रांवर मोठं सरकारी शेत उभं राहिलं, आणि 1958 मध्ये पुढे इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्याची पायाभरणी झाली.

पिकं उत्तम आली. कापूस, गहू, मोहरी, किन्नू संत्री. या मातीत चुना आणि पालाश बऱ्यापैकी, नत्र आणि सेंद्रिय अंश कमी. ती उणीव खतानं भरून निघते. पण मातीचा दुसरा गुण कुणी फारसा हिशोबात धरला नव्हता. कालव्याखालच्या बऱ्याच भागात जमिनीखाली थोड्याच खोलीवर चिकणमातीचे, कंकराचे, जिप्समचे कठीण थर आहेत. वरून वर्षभर पाणी, खाली बंद दार. पाण्याची पातळी चढत चढत मुळांपर्यंत आली. ऊन कडक, त्यामुळे पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतो. तिथे या आजाराला 'सेम' म्हणतात. सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याला वेगळं समजवायला नको, त्याच्याकडे क्षारपड आणि चोपण हे शब्द आहेतच.

घग्गरच्या पुराचंही तसंच. पुराचं पाणी गावांत शिरू नये म्हणून ते कालवा काढून सूरतगढजवळच्या टेकड्यांमधल्या खोलगट जागांत सोडलं गेलं. आजूबाजूची शेतं पाझरानं दलदल झाली. बडोपलच्या खाऱ्या पाण्यावर आता रोहित पक्षी येतात, आणि पक्षी पाहणारे त्यांच्या मागोमाग. शेत गेलेल्या माणसाला त्या थव्याचं कौतुक किती असणार!

एकाच चिकणमातीचे हे दोन अनुभव आहेत. कालीबंगनचा शेतकरी वर्षातून एकदा येणाऱ्या पुराची ओल धरून पीक काढत होता, तेव्हा पाणी धरून ठेवणं हा या मातीचा गुण होता. पाणी बारमाही झालं आणि तोच दोष ठरला. उपाय चालू आहेत. कालव्याकाठी निलगिरी लावतात, कारण ती जमिनीतलं पाणी भराभर ओढते. काही ठिकाणी जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकले आहेत. जिप्सम तर इथल्याच खाणींतून निघतो आणि चोपण जमीन सुधारायला पंजाब-हरियाणापर्यंत जातो. पण निचरा करून काढलेलं खारं पाणी सोडायचं कुठे, हा प्रश्न इथे आपल्यापेक्षा अवघड आहे. सांगलीचा चर शेवटी कृष्णेला मिळतो आणि कृष्णा समुद्राला. घग्गर मात्र वाळवंटातच विरते. तिच्या खोऱ्यातला क्षार एका शेतातून निघाला, की दुसऱ्या कुठल्या तरी खोलगट जागी जाऊन बसतो.