धक्के खाणाऱ्यांचा इतिहास

इतिहास हा विषय मी बी.कॉम.ला जाऊन टाळला. कॉमर्सला इतिहास नसतो, फक्त मागील बाकी असते. पण वाचकहो, ज्याचे घर नांदेडला आणि बँक लातूरला, त्याला इतिहासाची गोडी आपोआप लागते. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे पडत असतात आणि खिडकीपाशी बसलेला माणूस खड्ड्यागणिक एकेक शतक मागे जात असतो. पाठीचा कणा जिथे संपतो तिथून माझे चिंतन सुरू होते. ज्या माणसाने चाकाचा शोध लावला, त्याला चाक आणि बसणारा यांच्यामध्ये काहीतरी मऊ घालावे असे त्याच दिवशी का सुचले नाही?

आधी एक खुलासा. लातूरकडे धक्का हा शब्द जपून वापरावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जे झाले, त्यानंतर त्या शब्दाची थट्टा तिकडे कुणी करत नाही. मी बोलतो आहे ते फक्त रस्त्याच्या धक्क्यांबद्दल.

दुसरा खुलासा खात्यांतर्गत आहे. आमच्या बँकेत सस्पेन्शन म्हणजे निलंबन. साहेबांच्या केबिनमधून तो शब्द ऐकू आला की अख्ख्या हॉलचे पेन थांबते. गाडीलाही सस्पेन्शन असते आणि ते असणे चांगले असते, हे मला देगलूर नाक्यावरच्या उस्तादांनी शिकवले. उस्ताद ट्रकचे पाटे बसवतात. बसलेला पाटा भट्टीत लाल करायचा, ठोकून त्याला पुन्हा कमान द्यायची, पाण्या-तेलात विझवायचा, हे त्यांचे चाळीस वर्षांचे काम.

तर इतिहास. आपल्या बैलगाडीला आखावर साटा, साट्यावर कडब्याच्या पेंढ्या आणि पेंढ्यांवर वऱ्हाडी. सस्पेन्शन म्हणाल तर तो कडबा. लग्नाला जाताना तो पाहुण्यांच्या खाली असे आणि परत येताना बैलांच्या पोटात. तिकडे लंडनला ओबाडिया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्याने १८०४ साली पोलादी पट्ट्या एकावर एक रचून कमानीसारख्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. इंग्रजांनी आपल्याला पुष्कळ धक्के दिले. पण ते सोसायची ही एक सोयही दिली, हे जमेच्या बाजूला लिहिले पाहिजे. आपला टांगा त्याच पट्ट्यांवर डुलायला लागला.

लातूरला तर या शास्त्राची छोटी आगगाडीच येत होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू केली आणि १९११ साली ती लातूरला पोचली. कॅलथ्रॉपसाहेबांचा हिशेब सरळ होता. एका आसावर पाच टनांहून जास्त भार टाकायचा नाही, मग ते इंजिन असो की मालडबा. ओझे सगळ्यांनी सारखे वाटून घ्यायचे. हे तत्त्व रुळांवर टिकले. आमच्या ऑफिसात मात्र अजून त्याची चाचणी व्हायची आहे.

पुढे १९३२ साली निजामाच्या रेल्वेने मोटारी काढल्या. सुरुवातीला २७ बसगाड्या आणि १६६ माणसे होती. नांदेड आणि लातूर दोन्ही तेव्हा त्याच संस्थानात. म्हणजे मोटारीत बसून हाडे मोजण्याची आमची परंपरा तशी जुनीच.

आता थोडे तंत्र, पण घाबरू नका, बँकेच्या भाषेत सांगतो. स्प्रिंग म्हणजे मुदत ठेव. तिच्यात धक्का ठेवला की ती तो परत करते, आणि मुदत संपायचीही वाट पाहत नाही. म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एक खड्डा लागला की फर्लांगभर नाचत राहते. हा परतावा मध्येच अडवायला दुसरा एक गडी लागतो, तो शॉक अॅब्सॉर्बर. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या त्या तेलातून बारीक भोकांवाटे रेटला जातो, आणि धक्क्याची ताकद तेल तापवण्यात खर्च होते. स्प्रिंग परत करते, हा परत करत नाही. याला तुम्ही प्राप्तिकर खाते म्हणा. आपल्याकडे १९६१पासून गॅब्रियल इंडिया हे सामान बनवू लागली.

माझी समजूत होती की हे सगळे बसणाऱ्याच्या सुखासाठी. मोटार-शर्यतीच्या मंडळींनी ती समजूत पार मोडून टाकली. शर्यतीत चालवणाऱ्याच्या बुडाला कुणी विचारत नाही. सस्पेन्शन असते ते टायरसाठी. टायर जमिनीला चिकटलेला राहिला तर ब्रेक लागतो, वळण घेता येते, वेग घेता येतो. तो क्षणभर हवेत गेला की तेवढा क्षण गाडी कुणाचीच नसते. म्हणजे एवढी सरबराई करायची ती रबराची!

या विद्येची मोठी परीक्षा आपल्या मुंबईवरून गेली होती. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीला ९८ गाड्या निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली करत त्यांतल्या ७२ मुंबईला पोचल्या आणि तिथून 'चुसान' नावाच्या बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. शेवटच्या टप्प्यात ल्युसियाँ बियांकीची सिट्रोएन गाडी सगळ्यांच्या पुढे होती. तिला पोलादी स्प्रिंगा नव्हत्याच; ती तेल आणि वायूच्या गादीवर तरंगत असे. सिडनी जवळ आलेली असताना समोरून आलेल्या एका मोटारीशी तिची टक्कर झाली, बियांकी जबर जखमी झाला आणि पहिला नंबर गेला अँड्र्यू काउअनच्या हिलमन हंटरला. मी हे सगळे रंगवून सांगितले. उस्तादांनी एवढेच विचारले,

"त्या हिलमनला मागं काय होतं?"

"पाटे."

"मग!" असे म्हणून ते पुन्हा भात्याकडे वळले. तेलवाल्या गाडीचा त्यात दोष नव्हता, हे ऐकायला ते थांबले नाहीत.

१९९२ साली विल्यम्स कंपनीने तर कमालच केली. त्यांच्या फॉर्म्युला वन गाडीत संगणक बसला होता. रस्ता कसा आहे ते पाहून तोच प्रत्येक चाक वर-खाली करी. सोळापैकी दहा शर्यती त्या गाड्यांनी जिंकल्या, नायजेल मॅन्सेल जगज्जेता झाला, आणि १९९४पासून त्या युक्तीवर बंदी आली. फार चांगले काम केले की काय होते, हे सरकारी आणि निमसरकारी नोकरांना समजावून सांगायला नको.

बंदी आली आणि पुन्हा माणसांचे दिवस आले. मोटारसायकलच्या शर्यतीत तर ते कधी गेलेच नव्हते. स्वीडनच्या केंथ ओलिनने १९७६ साली शॉक अॅब्सॉर्बरची कंपनी काढली. दोनच वर्षांत गेनादी मोइसेयेव त्याच्या सामानावर मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. तेव्हापासून अशा कंपन्यांची माणसे हंगामभर संघांबरोबर हिंडतात. गाव बदलते, डांबर बदलते, यांचे बाकडे तेच. फोर्क उघडा, तेल बदला, स्प्रिंग बदला, बंद करा. सप्टेंबर २०२३मध्ये ग्रेटर नोएडाला मोटोजीपी झाली तेव्हा उकाडा एवढा होता की २४ फेऱ्यांची शर्यत २१ची केली. बेझेकी जिंकला, त्याचा फोटो सगळीकडे आला. त्याच उकाड्यात तापल्या नळ्या उघडून बसलेल्यांचा फोटो मी शोधला. मिळाला नाही.

हे मला का सलावे? कारण उस्तादांचा भाचा. पोरगा ओळखीच्या ओळखीने एक हंगाम दक्षिणेत राहून आला. कोइमतूरची करी स्पीडवे आणि चेन्नईजवळचा ट्रॅक, अशा देशी शर्यतींत एका संघाच्या सस्पेन्शनवाल्या मिस्त्रीच्या हाताखाली त्याने काम केले. आला तो एक वही घेऊन. तीत प्रत्येक दिवसाचे डांबराचे तापमान, स्प्रिंग कोणती, स्क्रू किती क्लिक आत, किती बाहेर, आणि फेरीला लागलेला वेळ. माझे लेजर मी कधी इतके स्वच्छ ठेवले नाही.

"मामू, चालवणारा नुसता म्हणायलाय, पुढून बरं वाटत नाही," तो सांगत होता. "पुढून म्हणजे कुठून, ते आपण ओळखायचं. दोन क्लिक फिरवायचे, पुन्हा विचारायचं."

मला एकदम काउंटर आठवला. माझे गिऱ्हाईकही असेच म्हणते, "खात्यात काहीतरी गडबड हाय," आणि गडबड कुठे ते मी ओळखायचे.

त्या पोराला नांदेडला स्वतःचे दुकान काढायचे होते. पाट्यांचे काम आता ट्रक-पिकअपपुरते राहिले आहे. पण शॉक अॅब्सॉर्बर सगळ्यांच्याच गाडीला असतात. इकडे संभाजीनगरला एन्ड्युरन्स कंपनी दुचाकीचे फोर्क आणि शॉक अॅब्सॉर्बर बनवते आणि तिची सुरुवात १९८५ सालची आहे. मग मराठवाड्यात ते उघडून दुरुस्त करणारा एक माणूस का नसावा? त्याला वायू भरायचे यंत्र हवे होते आणि यंत्राला कर्ज. अर्जात रकाना होता, 'अनुभवाचा दाखला'. दाखला नव्हता. निकालपत्रकात चालवणाऱ्याचे नाव, संघाचे नाव. याचे नाव कुठे असणार?

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. पैसे खरे असतात, फक्त कुणाचे ते लिहिलेले नसते. मला वाटते, इतिहासाचेही एक असे सस्पेन्स खाते असावे. इलियटच्या पट्ट्या ठोकणारे लोहार, बार्शी लाइटच्या स्प्रिंगा बदलणारे फिटर, १९३२च्या १६६ माणसांतले हातोडीवाले, सगळ्यांची रक्कम तिथे पडून आहे. दाखला आणा, घेऊन जा, असे इतिहास म्हणतो.

मी दाखल्याच्या जागी वहीच्या झेरॉक्स जोडल्या. मॅनेजरसाहेबांनी पाने उलटली, एके ठिकाणी बोट ठेवून विचारले, "हे 'रिबाउंड ११' म्हणजे काय?" पोराने उभ्या उभ्या पाच मिनिटे सांगितले. साहेब स्वतः मोटारसायकलने येतात. दुसऱ्या प्रश्नापासून ते स्वतःच्याच गाडीविषयी विचारत होते.

मग जामीनदाराचा प्रश्न आला. उस्तादांनी चष्मा पुसला आणि सही करता करता म्हणाले, "साहेब, धक्का बसलाच तर आधी माझ्यावर येऊ द्या. आपलं कामच ते हाय."

कर्ज मंजूर झाले. हप्त्याची तारीख पाच आहे. गेल्या महिन्याचा हप्ता चार तारखेला आला.