जुन्या तंबोऱ्याची नवी घोडी

बडोद्याच्या जुन्या शहराबाहेर, चांपानेर दरवाजाच्या उत्तरेला, कारेलीबाग आहे. दांडियाबाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या वाड्यांतून जी मराठी कुटुंबे अशा नव्या वस्त्यांत राहायला गेली, त्यांच्याबरोबर देव गेले, पितळेची भांडी गेली आणि कुठे कुठे खोळीतला एखादा तंबोराही गेला. पुढे कधीतरी नातवंडांपैकी कोणी गाणे शिकू लागते आणि खोळ उघडली जाते. तारा गंजलेल्या असतात, खुंट्या सैल झालेल्या असतात आणि तारा जिच्यावरून जातात ती घोडी एक तर तडकलेली असते, नाही तर जागेवर नसतेच. तारा आणि खुंट्या बदलायला कोणाची हरकत नसते. घोडीपाशी मात्र घरात दोन तट पडतात. नवी बसवली तर वाद्य जुने कसे राहील, असे एकाचे म्हणणे. वाजलेच नाही तर ते वाद्य कसले, असे दुसऱ्याचे. मला पहिल्या तटाची काळजी खरी वाटते, पण ती चुकीच्या भागावर जडली आहे असेही वाटते. घोडी हा जुन्या वाद्यातला झिजण्यासाठीच घडवलेला भाग आहे. बडोदे आणि मिरज या दोन गावांचा गेल्या दीडशे वर्षांचा संगीताचा इतिहास पाहिला, तरी टिकलेली गोष्ट म्हणून घोडी दिसत नाही. ती पुन्हा बसवू शकणारे हात दिसतात.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा लांबून सपाट दिसतो, पण तो अगदी किंचित गोलवलेला असतो. तार त्यावरून सुटते ती एका धारेवरून सुटत नाही, उताराला चाटत चाटत थरथरते. तारेखाली सुताचा धागा सरकवून हा स्पर्श नेमका जुळवला की आवाज खुलतो, एका तारेतून वरचे स्वर झिरपू लागतात, हीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्याचा विषय नेमका हाच होता. ध्वनिशास्त्रातला प्रस्थापित नियम असा की, तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटू नये. तंबोऱ्यात आणि वीणेत तो उमटतो. रामन यांनी त्याचे कारण घोडीच्या पसरट, वळणदार माथ्यात शोधले. पण जो स्पर्श हा चमत्कार घडवतो तोच माथा खातही जातो. तारेखाली चरे पडतात, आवाज आधी किरटा आणि मग बसका होतो. मग कानसने माथा पुन्हा घासावा लागतो. जात्याला टाकी लावावी तसे हे काम ठरावीक काळाने करावेच लागते, आणि दर खेपेला घोडीची जाडी थोडी उतरते. म्हणजे जवारी जितक्या वेळा चांगली लागली, तितके घोडीचे आयुष्य कमी झाले. सतत वाजत्या तंबोऱ्यावर शंभर वर्षांची अस्सल घोडी जशीच्या तशी सापडली, तर मला आनंदापेक्षा शंका जास्त येईल.

आता बडोद्याकडे पाहू. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत, १८८६ साली, इथे गायनशाळा सुरू झाली आणि तिचे प्रमुख होते मौलाबक्ष. हे गृहस्थ मूळचे उत्तरेतले, पण दक्षिणेत जाऊन म्हैसूर दरबारात मान मिळवलेले आणि वीणेवर हुकमत असलेले. दक्षिणी वीणेच्या घोडीवर धातूची पट्टी असते, उत्तरेकडच्या बीन, सतार, तंबोऱ्याच्या घोडीला हाडाचा किंवा शिंगाचा माथा. त्याच काळात, १८८० साली, सयाजीरावांचा तंजावरच्या राजघराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी विवाह झाला आणि त्यांच्याबरोबर तंजावरचे नर्तक-वादकही बडोद्यात आले. एकाच राजधानीत घोडीच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. गायनशाळेने आणखी एक बदल केला, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. उस्तादाच्या घरातला तंबोरा एका हाताचा असतो. शाळेतला तंबोरा रोज अनेक हातांत फिरतो, अनेक पट्ट्यांत चढवला-उतरवला जातो. असे वाद्य लवकर झिजणार हे उघड आहे, आणि म्हणून माझे अनुमान असे की संस्थेत संगीत शिकवायचे ठरले, त्या दिवशीच घोडीची दुरुस्ती हा घराण्याचा खासगी मामला उरला नाही.

याच बडोद्याच्या दरबारात १८९० च्या दशकात गायक अब्दुल करीम खाँ होते. सरदार माने यांच्या कन्या ताराबाई यांच्यासह ते बडोदे सोडून निघाले, पुढे त्यांचा मुक्काम मिरजेला झाला आणि त्यांच्या कन्या हिराबाई यांनी बडोदेकर हे नाव लावले. खाँसाहेबांविषयी गवय्यांत दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: तंबोरा लागल्याशिवाय ते गायला बसत नसत, आणि वाद्ये दुरुस्त करण्यात त्यांचा स्वतःचा हात चांगला चाले. त्यांच्या किराणा गायकीत षड्जाला आणि स्वराच्या सूक्ष्म लावाला जे महत्त्व आहे ते पाहता या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. आणि ते जिथे स्थिरावले ते मिरज तर तंतुवाद्यांचेच गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारे घडवणाऱ्या-पाजळणाऱ्या लोकांनी, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हा धंदा उचलला. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि तलवारीच्या धारेवर तयार झालेला हात, असा तो योग. जवारीला लागणारी कानसेची नजर त्यांच्याकडे आधीपासून होती, असे म्हणायला हरकत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते या परंपरेचे.

१९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, भातखंड्यांच्या पुढाकाराने. तिथे श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचा, वाद गाजला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायखात्यातले इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी गणिताने श्रुती बसवलेली हार्मोनियम पुढे केली. ती गवय्यांच्या कानाला पटली नाही. या प्रसंगाचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात. मला त्यात एक वेगळीच गंमत दिसते. पेटीच्या स्वरांना चूक ठरवणारा कान तंबोऱ्याच्या झंकारावर घडलेला होता, आणि तो झंकार कोणा अनामिक कारागिराने घोडीवर किती कानस फिरवली यावर अवलंबून होता. श्रुती बावीस की किती, यावर शास्त्रीबुवा भांडत होते. निवाडा देणारा पुरावा मात्र दर काही महिन्यांनी नव्याने घासला जात होता.

यावर जुन्या वस्तूंचे जाणकार आक्षेप घेतील, आणि तो हलका नाही. जगभर जुन्या वाद्यांच्या बाजारात मूळ भागांना किंमत असते. अमेरिकन आर्चटॉप गिटारचे उदाहरण इथे चांगले आहे, कारण तिची घोडीही तंबोऱ्याच्या घोडीसारखी पोटावर नुसती उभी असते, तारांच्या दाबाने. गिब्सन कंपनीत लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली १९२२ साली एल-५ हे मॉडेल निघाले: व्हायोलिनसारखे कोरून फुगीर केलेले पोट, इंग्रजी एफच्या आकाराची दोन छिद्रे आणि उंची कमी-जास्त करता येणारी लाकडी घोडी. अशा गिटारवर जुनी घोडी असेल तर संग्राहक जास्त पैसे मोजतो, मग तंबोऱ्याला वेगळा न्याय का? उत्तर त्या गिटारच्याच रचनेत आहे. घोडीचे पाय पोटाच्या फुगवट्याला तंतोतंत बसले तरच तारेची थरथर खाली उतरते. पण अनेक दशके दाब सोसून पोट किंचित बसते, घोडीचे लाकूड आपल्या चालीने सुकते, आणि कारखान्यात जुळवलेले पाय कडेला टेकतात नि मध्ये अधांतरी राहतात. तेव्हा मूळ घोडीसुद्धा पुन्हा घासूनच बसवावी लागते, आणि घासली की ती पूर्वीची राहिली नाही. संग्राहकाचा आग्रह काचेच्या कपाटापुरता बरोबर आहे. वाजवणाऱ्याने तो पाळायचा ठरवला तर त्याच्या हाती सुंदर आणि मुकी गिटार राहील.

शिवाय आर्चटॉप भारतात आली तेव्हा आमच्या वादकांनी तिच्या मूळ रूपाची फारशी भीड ठेवली नाही. बडोद्याच्या शेजारी अहमदाबादेत राहिलेले ब्रिजभूषण काबरा गिब्सनची सुपर ४०० मांडीवर आडवी ठेवून सरकपट्टीने राग वाजवत; तिच्या तारा त्यांनी उंच उचलून घेतल्या, चिकारीच्या तारांची सोय केली. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची गिटार त्यांची. विश्वमोहन भट्टांनी पुढे आर्चटॉपच्या अंगाला तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा, जोडून वीसेक तारांची मोहनवीणा केली. सहा तारांसाठी केलेली घोडी तिथे चालणे शक्यच नव्हते. त्या वाद्यांना कोणी बिघडवलेल्या गिटारी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. आज घोडी बदलली, उद्या भोपळ्यावरची लाकडी तबली बदला, परवा दांडी; मग आजीचा तंबोरा म्हणून उरले काय? याला माझे उत्तर असे की मर्यादा आहे आणि ती स्पष्ट आखता येते. तारा सैल केल्या की घोडी निघते. कुठे सरसाचा हलका थेंब असला तरी तबलीला इजा न होता निघते. जे काम पुन्हा उलटवता येते ते करावे, जे येत नाही त्याला हात लावताना शंभरदा विचार करावा. या एका कसोटीवर घोडी एका बाजूला पडते आणि तबली, भोपळा, दांडी दुसऱ्या बाजूला. म्हणूनच नवी घोडी बसवताना घासायची ती घोडी, तबली कधीही नाही. तयार घोडी बाजारातून आणून दोन्ही पायांखाली सरस ओतून फट बुजवणारे महाभाग आहेत. तो जुन्या तबलीवरचा अत्याचारच म्हणायला हवा. नीट काम करणारा आधी जुन्या घोडीची, ती नसेल तर तबलीवर राहिलेल्या तिच्या खुणेची, लांबी-रुंदी घेतो. वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती अटी किती उंच आहे ते पाहून घोडीची उंची ठरवतो, कारण तार फार उंच गेली तर जवारीचा कोन बिघडतो आणि तबलीवर दाबही वाढतो. मग पायांना खडू लावून ठसा पाहतो आणि जिथे ठसा उमटेल तेवढेच लाकूड उतरवतो, पुन्हा ठेवतो, पुन्हा पाहतो. गिटार दुरुस्त करणारे हेच काम पोटावर सँडपेपर पालथा न ठेवता उताणा ठेवून, घोडी त्यावर मागेपुढे सरकवून करतात. फुगवट्याचा आकार आपोआप पायांत उतरतो. पाय पक्के बसल्याशिवाय माथ्याला कानस लावू नये. पाय केसभर डगमगला तरी माथ्याचा उतार बदलतो आणि तासाभराची जवारी फुकट जाते. घाईच्या दुरुस्तीत नेमका हाच क्रम उलटा होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या जुन्या वाद्याच्या माथी मारला जातो.

राहिला साहित्याचा प्रश्न. दरबारी वाद्यांवर हस्तिदंताचे काम असे, सतार-तंबोऱ्याच्या माथ्यावर सांबराचे शिंग चाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्या यांनी ही दारे बंद केली, आणि ती बंद झाली हे चांगलेच झाले. मूळच्यासारखाच माल हवा हा हट्ट त्यामुळे आज बेकायदा आहे. उंटाचे हाड आणि प्लास्टिकच्या जातीचे कृत्रिम पदार्थ हे उरलेले पर्याय. कृत्रिम माथा कमी झिजतो, शिकणाऱ्याच्या वाद्याला तो पुरे. जुन्या तुणीच्या तंबोऱ्यावर मी हाडाच्या बाजूने कौल देईन, कारण ते कानसेला हळूहळू आणि नेमके देते. पण हा आवडीचा भाग आहे, धर्माचा नव्हे. आवाज बदलेल ही भीती असेल तर तो आधीही बदलतच होता. रविशंकरांची खुली जवारी आणि विलायत खाँची बंद जवारी यांत जो फरक होता तो माथ्याच्या उतारातला होता; प्रत्येक वादक आपल्या कानाप्रमाणे तो घासून घेत आला.

संग्रहालयातल्या वाद्याची गोष्ट निराळी. ते वाजवायचे नसेल तर तडकलेली घोडीही तशीच असू द्यावी, तारा मात्र सैल ठेवाव्यात. घरच्या तंबोऱ्याची जुनी घोडी काढली की ती टाकू नये: तिच्या तळव्यांत त्या तबलीचा त्या वेळचा फुगवटा उतरलेला असतो, माथ्यावरच्या चऱ्यांत तारांमधली अंतरे असतात, आणि पुढच्या कारागिराला ही मापे दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. कापडात बांधून, कोणत्या साली काढली ते चिठ्ठीवर लिहून, ती खोळीच्या खिशात ठेवावी. हस्तिदंती असेल तर ती विकायचा प्रश्नच येत नाही.